पायरीवरचं गिऱ्हाईक

आमच्या दुकानाला एकच पायरी आहे. काळ्या दगडाची, मधोमध झिजून पसरट वाटीसारखी खोल झालेली. पाऊस पडला की त्या खळग्यात पाणी साचतं आणि अण्णा ते पायानेच बाहेर ढकलतात. अण्णा म्हणजे माझे सासरे. नाशिकच्या भांडी बाजारात तांब्या-पितळेच्या दुकानात त्यांचं आयुष्य गेलं. गिऱ्हाइकाचे दोनच प्रकार ते मानतात, पायरीवरचं आणि गादीजवळचं. पायरीवरचं गिऱ्हाईक रस्त्यातूनच टांगलेल्या कळशा बघतं, एक पाय पायरीवर टेकवतं, आणि मग एक तर वर येतं नाहीतर पाय काढून घेतं. "गादीजवळच्याला काय विकायचं? ते घ्यायलाच आलंय," अण्णा म्हणतात. "धंदा पायरीवर होतो."

लग्न होऊन आले तेव्हा मी अंबडच्या एका कारखान्यात अकाउंट्स बघत होते. मला हे सगळं जुन्या बाजाराचं बोलणं वाटायचं, ऐकायला छान आणि उपयोग शून्य. आमची वेबसाइट दोन वर्षं आजाऱ्यासारखी पडून राहिली, तेव्हा कुठे त्या पायरीची आठवण झाली.

वेबसाइट २०२१ साली केली. लॉकडाऊनमध्ये दुकानाला कुलूप लागलं, ते उघडल्यावरही लोक यायला बिचकत होते. त्या वर्षी ज्याला त्याला वेबसाइट हवी होती, आम्हालाही हवी झाली. एका एजन्सीला काम दिलं. पोरं हुशार होती, काम देखणं झालं. पान उघडलं की आधी ठोक्यांचा आवाज, मग काळ्या पार्श्वभूमीवर लालबुंद पत्र्याचा व्हिडिओ, मग सोनेरी अक्षरांत 'वारसा' हा एकच शब्द हळूहळू उमटायचा. त्याखाली आजेसासऱ्यांचा फोटो. खाली आणखी सरकत गेलं की भांडी, प्रत्येकाखाली एक बटण, 'किंमतीसाठी संपर्क साधा'. नंतर ते बदलून किमती टाकल्या, पण बाकी सगळं तसंच राहिलं. आम्ही घरातल्या सगळ्यांनी ती साइट टीव्हीला जोडून बघितली. सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

महिन्याला हजार-अकराशे लोक यायचे. ऑर्डरी चार. त्यातली एक माझ्या नणंदेची.

एजन्सीचं म्हणणं पडलं की जाहिरातीवर खर्च वाढवा, माणसं वाढली की ऑर्डरी वाढतील. हिशोबाच्या माणसाला पटेल असंच गणित होतं, मला पटलंही. रात्री जेवताना मी आकडे सांगितले. अण्णांनी भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. "म्हणजे हजार माणूस पायरीला पाय लावून परत जातंय, आणि तू म्हणतेस रस्त्यावरून अजून माणसं हाकारून आणू?"

त्यावर बोलण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.

त्याच आठवड्यात डोंबिवलीहून एका बाईंचा फोन आला. आवाजात राग नव्हता, दमणूक होती. "अहो, मी अर्धा तास तुमच्या साइटवर फिरतेय. ते घंगाळ केवढं आहे हो? म्हणजे माझ्या दारात, चपलांच्या कपाटाशेजारी मावेल का?" मी म्हटलं, "ताई, चौदा इंची आहे." "हे कुठे लिहिलंय?" मी शोधलं. कुठेच लिहिलं नव्हतं. 'पारंपरिक कारागिरीचा अजोड नमुना' असं मात्र लिहिलं होतं.

*

एक उन्हाळभर मग मी हेच केलं, पायरीवर बसून बघितलं.

सुरुवात दुकानातल्या पोऱ्याच्या मोबाइलपासून झाली. माझा फोन बरा आहे, घरी वायफाय आहे, माझ्याकडे साइट पटकन उघडायची. त्याचा फोन साधा, वर दुकानाच्या भिंती जुन्या वाड्याच्या, दोन हात जाड, आत नेटवर्क एक काडी. त्याला म्हटलं, उघड आपली साइट. त्याने उघडली. काळा पडदा. आम्ही दोघं त्या काळ्या पडद्याकडे बघत उभे. मी मनात मोजत होते, अकरापर्यंत आले तेव्हा 'वारसा'तला 'वा' दिसला. पोऱ्या आदबीने म्हणाला, "येतंय ताई, येतंय."

गूगलने २०१६ साली मोबाइलवरच्या भेटींचा अभ्यास करून सांगितलं होतं की पान उघडायला ३ सेकंदांहून जास्त वेळ लागला तर ५३ टक्के भेटी तिथेच संपतात. आता त्यांची अपेक्षा अशी की पानावरचा सगळ्यात मोठा तुकडा, जो बहुतेक वेळा फोटोच असतो, अडीच सेकंदांत दिसावा. आमचा एकेक फोटो होता सहा ते आठ एमबीचा. मोठ्या कॅमेऱ्याने काढलेला, लग्नाच्या अल्बमला शोभेल असा, आणि तसाच्या तसा चढवलेला. मोबाइलच्या चार बोटांच्या पडद्यावर त्याचा काय उपयोग? ते सगळे फोटो लहान करून वेबपी या हलक्या प्रकारात बदलले, एकेक शंभर-दीडशे केबीवर आला. डोळ्यांना फरक कळत नाही. व्हिडिओ पहिल्या पानावरून काढून टाकला. आणखी एक बारीक खोड होती. फोटोची लांबी-रुंदी आधी सांगून ठेवली नव्हती, त्यामुळे फोटो उतरला की खालचं सगळं धाडकन सरकायचं. माणूस 'कार्टमध्ये टाका'वर बोट ठेवायला जायचा आणि बोटाखाली 'आमच्याविषयी' यायचं. एक-दोनदा तसं झालं की कोण थांबणार? ते नीट केलं. एवढ्याला तीन दिवस लागले. खर्च म्हणाल तर पोऱ्याला दोन मिसळी.

माणसं वेबसाइट कशी वापरतात याचा अभ्यास करणाऱ्या जाकोब नीलसन नावाच्या गृहस्थांनी २००० साली लिहून ठेवलंय की साइटमधल्या बहुतेक अडचणी कळायला पाच माणसं पुरतात. पाच जणांना काम सांगा, शेजारी बसा, बघा. मला हे फारच आवडलं, कारण पाच माणसं गोळा करणं भांडी बाजारात अवघड नाही. शेजारच्या दुकानातल्या काकू, बँकेतल्या एक मॅडम, माझा भाचा, कल्हईला, म्हणजे आतून कथलाचा थर द्यायला, भांडी घेऊन आलेलं एक जोडपं. फोन हातात द्यायचा, म्हणायचं, "यातून घरी पाणी प्यायला एक तांब्याचा हंडा घ्या बरं," आणि गप्प बसायचं. हे गप्प बसणं फार कठीण. काकू तीनदा चुकीच्या ठिकाणी बोट ठेवत होत्या आणि माझी जीभ शिवशिवत होती.

त्यांच्या बोटांनी जे सांगितलं ते इतक्या महिन्यांच्या आकड्यांत मला दिसलं नव्हतं. काकूंनी हंड्याचा फोटो दोन बोटांनी मोठा केला, मग आणखी मोठा, आणि फोटोच्या तोंडाशी आत डोकावायला लागल्या. खरंच मान वाकडी करून. मी विचारलं, काय बघताय? "आतून बघतेय ना. कल्हई आहे का, सांधा कसा आहे." आमच्याकडे प्रत्येक भांड्याचा एकच फोटो, समोरून, तीर्थंकरासारखा. बँकेतल्या मॅडमनी पडद्यावर पंजा उघडून ठेवला. "हा एवढा की एवढा?" भाच्याला तर 'घंगाळ' म्हणजे काय हेच ठाऊक नव्हतं. फोटो बघून म्हणाला, "अच्छा, दिवाळीत फुलं-दिवे सोडतात ते होय!" अण्णा हसले. त्यांच्या लहानपणी घंगाळात आंघोळीचं पाणी काढायचे. आज आमच्याकडून जेवढी घंगाळं जातात त्यातलं एकही न्हाणीघरात जात नाही. सगळी दारात, पाकळ्या घालून. पण आमच्या साइटला ते माहीत नव्हतं. तिथे लिहिलं होतं, 'घंगाळ, स्नानासाठी'.

जोडप्यातला नवरा सगळ्यांत पुढे गेला. हंडा निवडला, कार्टमध्ये टाकला. मग साइट म्हणाली, आधी खातं उघडा. नाव, ईमेल, पासवर्ड, त्यात एक मोठं अक्षर, एक आकडा, एक चिन्ह. त्याने फोन बायकोकडे दिला, बायकोने माझ्याकडे. "राहू दे ताई, इथं दुकानातनंच घेऊ."

याच विषयातल्या जॅरेड स्पूल यांनी सांगितलेली एक गोष्ट मी नंतर वाचली. अमेरिकेतल्या एका मोठ्या दुकानाच्या साइटवर पैसे भरण्याआधी असाच फॉर्म होता. तिथलं 'नोंदणी करा' हे बटण काढून 'पुढे चला' ठेवलं, खाली एक ओळ लिहिली की खातं उघडायची गरज नाही. खरेदी करणारे ४५ टक्क्यांनी वाढले आणि वर्षभरात ३० कोटी डॉलरची जादा विक्री झाली. आमच्या बटणाची किंमत एवढी नव्हती. पण ज्या दुकानात चहा दिल्याशिवाय नाव विचारायची पद्धत नाही, त्याच दुकानाची साइट येणाऱ्याला दारातच आधार कार्ड मागितल्यासारखी वागत होती, याची मला लाज वाटली.

*

दुकानात फोनशेजारी एक वही असते. दोऱ्याने पेन बांधलेली. मी अण्णांना सांगितलं, महिनाभर फोनवर नाहीतर व्हॉट्सॲपवर जो काही प्रश्न येईल तो आहे त्या शब्दांत लिहा, आपल्या शब्दांत नको. अण्णांनी इमानदारीने लिहिलं. त्या वहीसारखं दुसरं काही मला या कामात मिळालं नाही. 'वजन किती.' 'कल्हई आहे का.' 'कल्हई म्हणजे काय.' 'पोचा पडून आलं तर.' 'काळं पडतं का.' 'पुण्याला कधी मिळेल.' 'खरं तांबं कशावरून.' 'वजन किती.' 'वजन किती.' 'पाठवायचे वेगळे का.' 'तुम्ही खरंच नाशकात आहात का.'

वजन! ही सगळ्यांत मोठी चूक, आणि ती आम्हालाच दिसू नये हे नवल. तांबं-पितळ वजनावर विकलं जातं. दुकानात भांडं काट्यावर चढतं, किलोचा भाव आणि वर घडणावळ असा हिशोब गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत होतो. साइटवर मात्र नुसता रुपयांचा आकडा. ज्याला थोडं कळतं त्याला तो आकडा हवेत लटकल्यासारखा वाटणार, ज्याला कळत नाही त्याला दुसऱ्या साइटवरचं पातळ पत्र्याचं भांडं स्वस्त दिसणार. दोन्हीकडून आम्हीच मार खाणार.

आता प्रत्येक भांड्याचा काट्यावर ठेवलेला फोटो आहे, आकडा वाचता येईल असा. आतून एक फोटो, बुडाचा एक, आणि एक माझ्या हातात धरलेला, म्हणजे आकार कळतो. (माझ्या नखांवरून सासूबाई बोलल्या, तो भाग वेगळा.) हंड्यात पाणी किती लिटर मावतं ते आम्ही खरंच मापाने ओतून बघितलं. आणि टिचकी. दुकानात जाणतं गिऱ्हाईक भांडं उचलून आधी टिचकी मारतं, कान लावतं, मग बोलतं. ते मोबाइलवर कसं करणार? म्हणून आठ सेकंदांचा व्हिडिओ. अण्णांचा हात येतो, कळशीच्या पोटावर टिचकी मारतो, आवाज घुमतो, संपला. ना संगीत, ना सोनेरी अक्षरं. तो लोक दोन-दोनदा बघतात. तो आपणहून सुरू होत नाही, बोट लावलं तरच चालतो.

कल्हईचं उत्तर लिहायला मला सगळ्यांत जास्त वेळ लागला, कारण मलाच ते नीट माहीत नव्हतं. आमच्या कल्हईवाल्याशेजारी एक दुपार बसले. त्याने पितळेचं पातेलं तापवलं, आतून नवसागराची पूड टाकली, पांढरा धूर उठला, मग कथलाची कांडी टेकवली आणि कापसाच्या बोळ्याने फिरवली. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच पिवळं पातेलं आतून चांदीसारखं झालं. कथील २३२ अंशांना वितळतं. म्हणूनच कल्हईचं भांडं रिकामं गॅसवर ठेवायचं नाही. पाणी प्यायच्या तांब्याच्या हंड्याला कल्हई नसते. स्वयंपाकाच्या भांड्याला हवीच, नाहीतर आमटी-ताकाचा आंबटपणा धातूला लागतो. हे सगळं मी सविस्तर लिहून काढलं आणि 'नेहमीचे प्रश्न' नावाच्या पानावर टाकलं. कुणीही वाचलं नाही. मग प्रत्येक भांड्याखाली, किमतीला लागून, एकेक ओळ टाकली, 'आतून कल्हई केलेलं, स्वयंपाकासाठी' किंवा 'कल्हई नाही, फक्त पाण्यासाठी'. फोनवरचा तो प्रश्न जवळजवळ थांबला. उत्तर असून भागत नाही, प्रश्न पडतो त्या जागी ते हाताला लागावं लागतं.

*

पण सगळंच किमतीला लागून लिहायचं म्हटलं तर मोबाइलच्या पडद्यावर मावणार किती? वर काय ठेवायचं, खाली काय ढकलायचं, यावर माझं आणि नवऱ्याचं आठवडाभर वाजलं. त्याला आजोबांचा फोटो वरच हवा होता.

त्याचा निकाल लागला पुराच्या गोष्टीने. नाशिककराला गोदावरी ही गंगाच. गंगेला पाणी चढायला लागलं की आमचा बाजार रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीकडे बघतो. गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, असं पाण्याचं माप मारुतीच्या अंगावर चालतं. कमरेच्या वर गेलं की सराफ बाजार, भांडी बाजार आवराआवरीला लागतात. ऑगस्ट २०१९ च्या पुरात मी पहिल्यांदा ती धावपळ बघितली. दुकानात माणसं चार, माळ्यावर जाणारी शिडी एक, पाणी गल्लीच्या तोंडाशी. मी समोर दिसेल ते उचलायला लागले, सगळ्यांत महागड्या समया. अण्णा ओरडले, "ते नको! आधी वही. मग काटा. मग लोकांची कल्हईला आलेली भांडी. आपलं सगळ्यात शेवटी. आपलं भिजलं तर धुऊन विकता येईल."

साइटचा वाद चालला असताना ती ओळ मला आठवली आणि मी ती नवऱ्याला ऐकवली. मोबाइलचा पहिला पडदा म्हणजे तो माळा. जागा थोडी, वेळ थोडा. आधी गिऱ्हाइकाचं वर चढवायचं, फोटो, किंमत, वजन, माप, कधी मिळेल, आणि घ्यायचं बटण. आजोबा खाली. नवरा काही वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "फोटो काढून तर टाकत नाहीयेस ना?" नाही टाकला. तो आता खाली आहे, पत्त्याशेजारी, गल्लीच्या आणि पायरीच्या फोटोबरोबर. मजा अशी की 'तुम्ही खरंच नाशकात आहात का' हा प्रश्न त्या फोटोनेच बंद झाला. 'सरकारवाड्यापासून चालत या' ही ओळ शंभर शिक्क्यांपेक्षा भारी पडली.

*

कुरियरचं सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही, कारण आमचं सगळ्यांत जास्त गिऱ्हाईक तिथे गळत होतं.

कार्टमध्ये माल टाकून न घेता निघून जाणाऱ्यांचं प्रमाण जगभरात साधारण ७० टक्के आहे. डेन्मार्कची बेमार्ड नावाची संस्था हा आकडा वर्षानुवर्षं काढतेय, आणि लोक कारण सांगतात त्यात पहिलं असतं शेवटी अंगावर आलेला जादा खर्च. आमचं तर विचारूच नका. घंगाळ वजनाला तीन किलो. पण कुरियरवाला नुसत्या काट्यावर थांबत नाही. खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणतो, बहुतेकदा ५००० ने भागतो, आणि दोन्हींतलं जे वजन जास्त ते धरतो. ४० बाय ४० बाय २५ चं खोकं म्हणजे ८ किलो. तीन किलो तांबं आणि पाच किलो हवा, आणि हवेचे पैसे गिऱ्हाइकाने भरायचे. ते त्याला कळायचे कधी, तर पत्ता, पिनकोड, फोन नंबर सगळं लिहून झाल्यावर. दुकानात कुणी असं केलं असतं, पिशवीत भरल्यावर भाव वाढवून सांगितला असता, तर अण्णांनी त्याला पायरीखाली उतरवलं असतं.

तीन गोष्टी केल्या. लहान मालाचं पाठवणं किमतीतच धरलं आणि तसं लिहिलं. मोठ्या मालाला किमतीखालीच पिनकोडची चौकट दिली, सहा आकडे टाका, पाठवायचे किती आणि कधी मिळेल ते तिथेच कळतं. आणि हवेचं करायचं काय, तर घंगाळातली पोकळीच विकायला काढली. 'हे घंगाळ जाताना आत एक गडू आणि दोन वाट्या मावतात, त्यांना पाठवायचे पैसे नाहीत' अशी ओळ टाकली. हा शोध माझा नाही, आमच्या पोऱ्याचा. तो खोकी भरताना पुटपुटत होता, "एवढी जागा वाया." आज घंगाळ घेणाऱ्यांत निम्मे लोक आत काहीतरी भरून घेतात.

'पोचा पडून आलं तर' याचंही उत्तर लिहिलं. फोटो पाठवा, दुसरं पाठवू, कुरियरचा खर्च आमचा. नवरा घाबरला होता. पहिल्या तीन महिन्यांत दोन भांडी परत आली, त्यातली एक समई मानेतून वाकलेली. अण्णांनी ती लाकडी हातोडीने पंधरा मिनिटांत सरळ केली.

*

मधल्या काळात एक सल्लागार भेटले. पंधरा मिनिटांत त्यांनी तीन उपाय सांगितले. 'फक्त २ शिल्लक' असं लाल अक्षरांत लिहा. उलटं चालणारं घड्याळ लावा. कोपऱ्यात 'आत्ताच पुण्याहून कुणीतरी समई घेतली' असं दर मिनिटाला उगवू द्या, खरं असलंच पाहिजे असं नाही. मी अण्णांना सांगितलं तेव्हा ते रागावतील असं वाटलं होतं. ते फक्त म्हणाले, "आणि दोन दिवसांनी तोच माणूस आला आणि तरीही दोनच शिल्लक असले तर?"

यातलं बरंचसं आता नियमातही बसत नाही. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये अशा १३ क्लृप्त्यांची यादी काढून त्यांना मनाई केली. खोटी घाई दाखवणं त्यात पहिलं, आणि शेवटच्या पायरीवर किंमत फुगवणं हेही आहेच. म्हणजे कुरियरच्या बाबतीत आम्ही अजाणता तेच करत होतो, हे वाचून मी चपापले.

गंमत म्हणजे आमच्याकडे खरोखरच दोनच शिल्लक असतात. ठोक्याची घंगाळं एक कारागीर मठारतो, तो महिन्याला मोजकीच देतो. म्हणून लिहिलं, 'दोन तयार आहेत. ती गेली तर पुढचं घडवायला १२ दिवस.' लाल अक्षरं नाहीत. लोक थांबतात चक्क बारा दिवस, मधे एकदा फोन करून विचारतात, "कुठपर्यंत आलं?" आणि आम्ही अर्धवट ठोकलेल्या घंगाळाचा फोटो पाठवतो.

भाच्याने सुचवलेली चाचणी मात्र मी केली नाही. अर्ध्या लोकांना हिरवं बटण दाखवायचं, अर्ध्यांना केशरी, जास्त विकेल ते ठेवायचं. मोठ्या कंपन्या हे रोज करतात. मी वहीच्या मागच्या पानावर गणित मांडलं. शंभरातला एक घेत असेल आणि बटणाने त्यात पाचव्या हिश्शाने वाढ होत असेल, तर ती वाढ खरी की योगायोग हे कळायला दोन्हीकडे जवळजवळ चाळीस-चाळीस हजार माणसं लागतात. आमच्याकडे महिन्याला अकराशे. म्हणजे सहा वर्षं. २०२७ चा सिंहस्थ येऊन, पर्वण्या होऊन, साधू परत जातील तरी आमच्या बटणाचा रंग ठरलेला नसेल. केशरी ठेवलं, सासूबाईंना आवडलं म्हणून.

*

येणारी माणसं अजून तेवढीच आहेत, बाराशेच्या आत-बाहेर. ऑर्डरी महिन्याला अठरा-वीस होतात, दिवाळीत त्याहून बऱ्याच. यातलं नेमकं काय लागू पडलं, हे मला वेगळं काढून दाखवता येणार नाही. सगळं एका उन्हाळ्यात केलं. औषधं एकत्र घेतल्यावर कुठल्याने ताप उतरला हे कसं सांगणार? पण माझा कौल वजनाला आणि पिनकोडच्या चौकटीला.

एका बाईंनी साइटवर अभिप्राय लिहिला, 'पाणी भरून ठेवल्यावर आठ दिवसांत हंडा काळपट पडला, फसवणूक वाटते.' नवरा म्हणाला, काढून टाकू. अण्णा म्हणाले, मला लिहायला दे. त्यांनी सांगितलं, मी टंकलं. 'ताई, खरं तांबं काळं पडतंच. चिंच आणि मीठ लावून घासा, दोन मिनिटांत उजळेल. नाही उजळलं तर हंडा परत पाठवा.' चार दिवसांनी त्याच बाईंनी लखलखीत हंड्याचा फोटो टाकला, मागे त्यांचा नातू. आधीची ओळही त्यांनी ठेवली, आम्हीही. 'खरं तांबं कशावरून' हा प्रश्न वहीत त्यानंतर फारसा आला नाही.

वही अजून चालू आहे. परवा अण्णांच्या अक्षरात एक नवीन ओळ होती, 'विजेच्या शेगडीवर चालेल का.' म्हणजे इंडक्शन. तांबं आणि पितळ त्यावर तापत नाही, लोहचुंबक चिकटेल असं बूड लागतं. मी म्हटलं, अण्णा, हे किमतीशेजारी लिहिलं तर स्वयंपाकाच्या भांड्यांची विक्री कमी होईल हो, हल्ली फ्लॅटमध्ये बऱ्याच जणांकडे तसलीच शेगडी असते.

"चालत नाही ना?"

"नाही."

"मग तसं लिही."

लिहिलं. त्याच दुपारी बघितलं, कुणीतरी पितळेचं पातेलं आणि कढई कार्टमध्ये टाकली होती, ती काढून टाकली आणि निघून गेलं. मी अण्णांना जाऊन सांगितलं. ते पायरीवर उभे राहून खळग्यातलं पाणी ढकलत होते.

"बरं झालं," ते म्हणाले. "परत आणायचे पैसे वाचले."